बीपीच्या चूर्णाचं एक पाकीट आणि रविवार पेठेतलं काष्ठौषधीचं दुकान

पाकिटाला शून्य मार्क, दुकानाला दहापैकी सात. तीन का कापले तेही सांगतो, पण सुरुवात पाकिटापासून करावी लागेल, कारण पाकिटामुळेच मी दुकानात गेलो.

मी मुद्रितशोधक. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात ३४ वर्षं प्रुफं वाचली, खिळ्यांच्या जुळणीपासून डीटीपीपर्यंत. हातात कुठलाही कागद आला की आधी चुका दिसतात, मजकूर मागाहून. लग्नपत्रिकेत मला वधूवरांच्या आधी वेलांट्या दिसतात. एवढी डोळ्यांना सवय, तरी त्या पाकिटावरची मुख्य चूक मला पंचवीस दिवस दिसली नाही.

माझं वय ६४, बीपी नऊ वर्षांपासून. सकाळी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा. दुसरीला आमच्या घरात 'लघवीची गोळी' म्हणतात. मुलाने बंगळुरूहून मशीन पाठवलंय, त्यावर रोज सकाळी चहाच्या आधी बघतो आणि छापखान्यातून आणलेल्या एका कोऱ्या डमीत, म्हणजे पुस्तकाच्या कोऱ्या नमुना-प्रतीत, लिहून ठेवतो. कोऱ्या डम्या माझ्याकडे अजून सहा आहेत. त्या भरेपर्यंत जगायचं असं ठरवलंय.

गेल्या डिसेंबरात एका मैदानावर प्रदर्शन लागलं होतं. लोणची, पापड, पैठण्या, पाय दाबायचं यंत्र, सगळं एका मांडवात. तिथे टाय लावलेला एक मुलगा चूर्ण विकत होता. "काका, चाळीस दिवस घ्या. गोळी सुटली नाही तर पैसे परत." २०० ग्रॅमचं पाकीट ४५० रुपये, दोन घेतली तर ८००. मी दोन घेतली. पुणेकर असून घेतली, याचं हिला अजून नवल वाटतं.

पाकिटावर लाल ठळक टायपात 'उच्च रक्तदाव नाशक' असं छापलेलं. ब च्या पोटातली तिरकी रेघ गायब. मी हसलो, खिशातलं पेन काढून ती रेघ ओढली, आणि चमच्याने चूर्ण तोंडात टाकलं. त्याखाली दुसरी ओळ होती: 'चरकसंहितेतील प्राचीन बीपी योग'. दंडाला पट्टा बांधून पारा वर चढवायची युक्ती इटलीतल्या रिव्हा-रोच्ची नावाच्या डॉक्टरने काढली १८९६ साली, आणि नळी लावून आवाज ऐकायची पद्धत कोरोटकोव्ह या रशियन डॉक्टरची, १९०५ची. चरकाचार्यांनी नाडी पाहिली असेल, हृदयाचं लिहिलं असेल, पण त्यांच्याकडे वरचा आणि खालचा असे दोन आकडे कुठून येणार? हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण चूर्ण चवीला गोड होतं. आमच्या घरी औषध म्हणजे कडू अशीच समजूत. गोड औषध मिळालं की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

घटक अगदी बारीक टायपात: अर्जुनसाल, ज्येष्ठमध, जटामांसी, ब्राह्मी, पुनर्नवा, सर्पगंधा, सैंधव. प्रमाणाच्या रकान्यात 'आवश्यकतेनुसार'. कोणाच्या आवश्यकतेनुसार ते दिलेलं नाही. बॅच क्रमांक नाही, परवाना क्रमांक नाही. चमचाभर, दिवसातून तीनदा.

डमीतले आकडे जसेच्या तसे देतो. सुरू केलं त्या दिवशी १३६/८४. बाराव्या दिवशी १४८/९०. मशीनचे सेल बदलले. अठराव्या दिवशी १५६/९४. हिच्या दंडाला पट्टा लावून पाहिलं, तिचं आलं ११८/७६, म्हणजे मशीन ठीक. मग मी असं अनुमान काढलं, की चूर्ण अजून लागू पडलेलं नाही, डोस वाढवावा. पंचविसाव्या दिवशी १६४/९८. पाकीट संपलं त्याच दिवशी.

तोवर घोट्यांवर सूज आली होती. मोजे काढले की इलॅस्टिकचा वळ संध्याकाळपर्यंत राहायचा. रात्री पोटरीत असे गोळे यायचे की मी पलंगावर उठून बसायचो आणि ही अंगठा धरून ओढायची. नाकही सारखं चोंदलेलं. ते मी पुण्याच्या थंडीच्या नावावर टाकलं.

डॉक्टरांनी सूज पाहून आधी अॅम्लोडिपिनवर संशय घेतला. त्या गोळीने पाय सुजतात हे खरंच आहे. पण गोळे कशाने, म्हणून रक्त तपासायला लावलं. पोटॅशियम आलं ३.०. खालची मर्यादा ३.५. "नवीन काही खाताय का?" मी म्हटलं, नाही. मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "चूर्ण घेतायत की." डॉक्टरांनी पाकीट मागवलं, घटकांवरून पेन फिरवत नेलं आणि दुसऱ्या नावावर थांबवलं. ज्येष्ठमध.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत समजून घेतलं. शरीरात मीठ धरून ठेवायचा हुकूम देणारं एक संप्रेरक असतं, अल्डोस्टेरॉन. कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक मूत्रपिंडाच्या नजरेला हुबेहूब तसंच दिसतं, आणि रक्तात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून मूत्रपिंडात एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलेलं आहे, ज्याचं काम एकच: कॉर्टिसॉल दिसलं की त्यावर काट मारायची. म्हणजे मुद्रितशोधकच. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन या मुद्रितशोधकाला कामाला लागूच देत नाही. मग कॉर्टिसॉल तसंच छापलं जातं, मूत्रपिंडाला वाटतं हुकूम आला, ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. सूज, गोळे, चढलेलं बीपी, तिन्हींचं उत्तर एका काडीत. त्यात माझी लघवीची गोळीही पोटॅशियम बाहेर टाकणारीच. दोघांनी मिळून काम केलं. वर सैंधव! सैंधव कितीही गुलाबी दिसलं तरी ते बव्हंशी सोडियम क्लोराइडच, म्हणजे आपलं मीठ. बीपीच्या औषधात मीठ घालणाऱ्या माणसाची मला एकदा भेट घ्यायची आहे. पाकिटावरचा फोन लावून पाहिला, हा क्रमांक अस्तित्वात नाही असं एक बाई गोड आवाजात सांगतात.

बाकी हिशोब थोडक्यात: चूर्ण बंद, पोटॅशियमचं सिरप आठवडाभर, दोन आठवड्यांनी पोटॅशियम ४.१. बीपी मात्र लगेच उतरलं नाही, १३८/८६ यायला महिना गेला.

दुसरं पाकीट कपाटात तसंच होतं. फेकवेना. मूळ प्रत समोर असल्याशिवाय प्रूफ तपासता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. त्या सात नावांची मूळ प्रत बघायची म्हणून एका मंगळवारी पाकीट पिशवीत घालून रविवार पेठेत गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही लिहिणार आहे. बोहरी आळीच्या बाजूला, दर्शनी भाग जेमतेम नऊ फूट, आणि दहा पावलं अलीकडेच वेखंड आणि ओव्याचा वास लागतो. पुढे तोंडं गुंडाळलेली पोती: रिठे, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचोरा. मागे छतापर्यंत पत्र्याचे डबे आणि लाकडी खण. दिवाळीच्या आधी इथे उटण्यासाठी रांग असते, एरवी बाळगुटीचं सामान घेणाऱ्या आज्या आणि यादी घेऊन आलेली आयुर्वेद कॉलेजची मुलं. दुपारी तीनच्या सुमाराला गेलात तर मालकांना बोलायला वेळ असतो. सत्तरीचे असतील, चष्मा दोरीने गळ्यात. रविवारी दुकान बंद.

मी पाकीट पुढे ठेवलं. त्यांनी कोपरा कापला, चिमूट तळहातावर घेतली, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावली.

"निम्मं ज्येष्ठमध आहे हो."

"कशावरून?"

"चवीवरून. अर्जुन तुरट, सर्पगंधा कडूजहर, पुनर्नवा मातकट. हे सगळं घातलं तर कोण दुसऱ्यांदा मागेल? ज्येष्ठमध घातलं की सगळं पोटात जातं."

मग त्यांनी पोराला हाका मारत एकेक वस्तू काढायला लावली आणि काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडली. पैसे मागितले नाहीत. सातपैकी चार मार्क या अर्ध्या तासाचे.

अर्जुनाची साल मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. हाताच्या पंजाएवढे चपटे, किंचित वळलेले तुकडे. बाहेरून राखाडी-पांढरट आणि बऱ्यापैकी गुळगुळीत, आतून गुलाबी झाक असलेला तांबूस रंग. त्यांनी शेजारी दुसरा एक तुकडा ठेवला. काळपट, चौकोनी भेगा पडलेला, सुसरीच्या पाठीसारखा. "हा ऐन. अर्जुनाचा भाऊच, पण काम वेगळं. अख्खी साल घेतलीत तर फसवता येत नाही. पावडर केली की दोघं सारखेच तांबडे." तेव्हापासून मी तिथून कुठलीही गोष्ट पावडर घेत नाही. अख्खी साल १०० ग्रॅम ४० रुपये, पावडर ५५. जास्त पैसे देऊन कमी खात्री विकत घ्यायची, असा तो व्यवहार आहे.

आणि हे मालकांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं: "अर्जुन छातीसाठी. बीपी उतरायला म्हणून घेऊ नका." त्या दुकानदाराने स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणं मला आवडलं. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की अर्जुनावर काम झालंय ते मुख्यतः हृदयाच्या दुखण्यावर, अंजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणाऱ्या कळांवर. मी एकदा हौसेने क्षीरपाक केला. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं. पाऊण तास गॅस जळला. दुधाला फिकट विटकरी रंग आला आणि चव अशी की कच्ची सुपारी चघळून वर दूध प्यायल्यासारखं. सिलिंडरचा भाव लक्षात घेता पुन्हा केला नाही.

जटामांसी म्हणजे केसाळ मुळ्या, उंदराच्या शेपटाच्या जाडीच्या. हिमालयातून येते. डोळे मिटून वास घेतला तर पावसात भिजून नीट न वाळलेल्या गोधडीचा. ज्यांना हा वास आवडतो त्यांना फार आवडतो म्हणे. झोपेसाठी नेतात. ब्राह्मी म्हटल्यावर मालकांनी विचारलं, "कुठली?" एका नावाने दोन वनस्पती विकल्या जातात, एक पाणथळीतली बारीक मांसल पानांची, दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. पाकिटवाल्याला दोन्हीतली एकही माहीत नसावी. पुनर्नवा ही आपली घेटुळी. पहिल्या पावसानंतर भिंतीच्या कडेला पसरते ती. तिने लघवी साफ होते. तेच काम मी गोळीकडून करून घेतो, मग एका कामाला दोन माणसं कशाला.

सर्पगंधा त्या वर्तमानपत्रावर आली नाही. ती आतल्या खणात. "वैद्यांची चिठ्ठी आहे? नाही ना? मग देत नाही, दाखवतो." वेडीवाकडी, पिवळट तपकिरी, करंगळीएवढी मुळी. वास जवळजवळ नाहीच. नखाने कोरून कणभर जिभेवर ठेवली, ती कडू चव स्वारगेट येईपर्यंत गेली नाही.

या मुळीशी माझी जुनी ओळख आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वैद्यकीय अंकाचं प्रूफ आलं होतं, त्यात हिच्यावर लेख. लॅटिन नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. लेऊनहार्ड राउवोल्फ नावाच्या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या नावावरून ठेवलेलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये काही ठिकाणी डब्ल्यू, काही ठिकाणी व्ही. मी पानभर वर्तुळं केली आणि लेखक डॉक्टरांना विचारलं, यातलं बरोबर कुठलं? ते म्हणाले, वनस्पतिशास्त्रवाले व्ही लिहितात, आम्ही डॉक्टर डब्ल्यू लिहीत आलो, दोन्ही राहू द्या. माझ्या नोकरीत मी जाणूनबुजून राहू दिलेली ती एकमेव विसंगती.

लेखातली हकिकत मात्र डोक्यात राहिली. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की ही मुळी वेडावर आणि चढलेल्या रक्तदाबावर चालते. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकींनी हिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईमुळे. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना ही मुळी देऊन, मोजमापं ठेवून, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. तोवर बीपीवर धड गोळी नव्हती. तीन वर्षांनी, १९५२ला, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने हिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, रेसर्पिन. डॉ. वकिलांना १९५७ साली लास्कर हा वैद्यकातला मोठा अमेरिकन पुरस्कार मिळाला. म्हणजे झाडपाल्याने बीपी उतरत नाही असं जे म्हणतात त्यांना परळचा पत्ता द्यावा.

पण त्याच लेखात पुढचा परिच्छेद होता, तो मला त्या दिवशी दुकानात उभ्याउभ्या आठवला. रेसर्पिनने नाडी मंदावते, नाक चोंदतं, आणि डोस वाढला तर माणूस उदास होतो, इतका की काहींना सांभाळावं लागलं. नाक चोंदतं! डिसेंबरभर मी विक्स चोळत होतो. पाकिटात सर्पगंधा खरंच होती की नुसती नावाला, हे कळायला मार्ग नाही. मालकांना ते चाटून सांगता आलं नाही, ज्येष्ठमधाने सगळं झाकलेलं. थंडीही होतीच. तो संशय मी तसाच सोडून दिला. मुळी आता जंगलात विरळ झाल्यामुळे परदेशी व्यापारासाठी सायटीस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि बाजारात हिच्या जागी हिच्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपाच्या मुळ्या खपवतात असं मालक म्हणाले. म्हणून चिठ्ठी. हा नियम त्यांनी स्वतःच घातलेला.

आता काउंटरवरच्या काचेच्या बरणीबद्दल. 'हिबिस्कस टी, बीपीसाठी उत्तम', १०० ग्रॅम १२० रुपये. आत काळपट लाल, वाळून मुरडलेली बोंडं. पोराला विचारलं, हे काय? "जास्वंद, काका." मी एक बोंड उचलून पाहिलं. ही पाकळी नव्हती, जाड मांसल पाच बोटांची वाटी होती. जास्वंद आमच्या गॅलरीत आहे, गणपतीला रोज वाहतो, ती वाळली की कागदासारखी होते. एक बोंड खिशात टाकून घरी आणलं. (विचारून. "न्या हो एक.") हिचं माहेर लातूरकडचं. तिने हातात घेतलं, दाताखाली तोडलं आणि म्हणाली, "ही तर लाल अंबाडी. याची आम्ही चटणी करायचो. एकशेवीस रुपये दिले का काय?"

तर ज्याला बाहेर हिबिस्कस चहा म्हणतात ती ही लाल अंबाडी. ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची चरचरीत फोडणी देऊन जिची भाजी मराठवाड्यात, विदर्भात होते, तिच्याच गोतातली. जास्वंद तिची चुलत बहीण. अभ्यास झालाय तो अंबाडीच्या बोंडांवर. मुलाने त्यातला एक पाठवला होता: अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा, २०१०चा, ६५ माणसं, दिवसाला तीन कप, सहा आठवडे. चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ७.२ ने उतरला, नुसतं रंगीत चवीचं पाणी घेणाऱ्यांचा १.३ ने. ही माणसं बीपीची गोळी घेणारी नव्हती, आकडाही त्यांचा फार चढलेला नव्हता. सात म्हणजे काही किमया नाही, पण चेष्टाही नाही.

डॉक्टरांना विचारून मी दिवसाला एक कप सुरू केला. चार बोंडं, उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण. रंग इतका सुंदर येतो की पांढऱ्या कपातच प्यावं. चव कोकमाच्या जवळची. रिकाम्या पोटी घेतलं तेव्हा छातीत जळजळ झाली, म्हणून आता चारच्या सुमाराला. दोन महिन्यांत सकाळचा आकडा १३८ वरून १३० ते १३२ वर आलाय. पण त्याच दोन महिन्यांत जेवणातला पापड बंद झाला, लोणचं एका फोडीवर आलं आणि संध्याकाळी ओंकारेश्वरापर्यंत चालणं सुरू झालं. श्रेय कोणाला द्यायचं ते डमीवरून कळत नाही. गोळ्या दोन्ही चालू आहेत. "अंबाडी प्या, गोळी सोडू नका," एवढंच डॉक्टर म्हणाले आणि मलाही आता सोडायची खुमखुमी नाही.

एकपाकळी लसूणही तिथे मिळतो, साध्याच्या कितीतरी पट भावाने. लसणाने बीपी चढलेल्या माणसांचा वरचा आकडा आठेकाने उतरतो असं अभ्यासांची गोळाबेरीज सांगते, पण ते लसणाच्या गोळ्या, अर्क यांचं. एका पाकळीच्या लसणात वेगळं काय, असं मालकांना विचारलं तर हसले. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी मुठीने लसूण खाण्याआधी डॉक्टरांना सांगावं, आणि दात काढायला जाताना दातवाल्यालाही.

आता कापलेले तीन मार्क.

पहिला, पुडीवर नाव लिहीत नाहीत. शेजारणीने आस्कंद (अश्वगंधा) आणि शतावरीची पावडर मागवली होती. दोन्ही मातकट पांढऱ्या, दोन्ही एकाच वर्तमानपत्राच्या एकसारख्या पुड्यांत. घरी येईपर्यंत कोणती कोणती, हे मी, ही आणि शेजारीण तिघांनाही सांगता येईना. परत गेलो. पोराने दोन्ही चाटून सांगितलं, "ही आस्कंद." बरोबर असेल. पण औषधाच्या दुकानात ओळख पटवायची रीत चाटून नसावी. मी आता खिशात पेन ठेवतो आणि पुडी बांधायच्या आधी कागदावर नाव घालतो.

दुसरा, पावसाळ्यातला माल. जुलैत घेतलेल्या मुळ्यांत भुंगे निघाले. बदलून दिल्या, कुरकुर न करता, पण निघाले. ऑगस्ट संपेपर्यंत तिथे मुळ्या घेऊ नयेत असं माझं मत.

तिसरा त्या बरणीचा. 'बीपीसाठी उत्तम' असं लिहून विकणं बरं नव्हे, हे मी मालकांना तोंडावर बोललो. १९५४चा एक कायदा आहे, औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादीच त्याला जोडलेली आहे आणि तीत रक्तदाब नावानिशी आहे, चढलेला आणि उतरलेला दोन्ही. मांडवातल्या त्या टायवाल्याला हे लागू आहे, तसं बरणीलाही. मालक म्हणाले, चिठ्ठी पोराने लावली. म्हटलं, पोर कोणाचं?

ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, तुम्हाला एवढं दिसतं तर सगळ्याच चिठ्ठ्या बघून द्या ना. मग दोन दुपारी मी स्टुलावर बसून डब्यांची प्रुफं वाचली. 'जेष्टमद', 'पुर्ननवा', 'अर्जून', 'जटामासी'. साठेक डबे, चुका एकशेबारा. नव्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात आहेत, गेलात तर दिसतील. बरणीवर आता नुसतं 'लाल अंबाडीची बोंडं' आहे.

ज्येष्ठमधाच्या डब्यावर मी नाव लिहून खाली लाल शाईत एक ओळ घातली: 'बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून.' मालकांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "खप कमी होईल," म्हणाले. मग पोराला डिंक आणायला पाठवलं. गेल्या आठवड्यात अंबाडी आणायला गेलो होतो, चिठ्ठी आहे, पण खालचा कोपरा सुटलाय. डिंक त्यांच्याच दुकानातला, बाभळीचा. बहुतेक तोही जुलैतला असावा.